शंका-समाधान : खोट्या शिक्षणाशी झगडताना

प्रश्न : आमच्या भगिनी मंडळाच्या प्रार्थनासभेनंतर मोबाईलवरचे उपदेश एकमेकींना पाठवले जातात. त्यांतला एक उपदेशक वारंवार सांगतो की, विश्वास उणा पडतो म्हणून आजार राहतो आणि औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. हे ऐकून माझ्या धाकट्या जावेने तीन आठवड्यांपासून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. मी काही बोलले की, ‘ताई, तुम्ही सैतानाच्या बाजूने बोलता,’ असे ती म्हणते. घरात तंटा नको म्हणून गप्प बसावे का?
— एक भगिनी, संगमनेर

उत्तर : ताई, गप्प बसू नये. सर्वांत आधी तिला घेऊन तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी. शिक्षणाची चर्चा त्यानंतर होऊ शकते. मधुमेहात साखर वाढत असतानाही माणसाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आणि डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांची हानी आतल्या आत होत राहते. त्यामुळे ‘गोळ्या सोडल्या तरी मला काही झाले नाही’ ही साक्ष सभेत उभी राहून दिली जाते, तिच्यावर आणखी दोघीजणी विश्वास ठेवतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

आता शास्त्राकडे वळू. देव आजार बरे करतो, आजही करतो, आणि त्यासाठी प्रार्थना करणे हा आपला हक्क व कर्तव्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु प्रत्येक विश्वासणारा बरा होईलच आणि जो होत नाही त्याचाच दोष, असे पवित्र शास्त्र कोठेही शिकवत नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातल्या काट्याविषयी तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर त्याला मिळाले. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला त्याने दिला; तुझा विश्वास कमी आहे, असे लिहिले नाही. लूक वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. दुसऱ्या तीमथ्याच्या शेवटी एक लहानसे वाक्य आहे, ज्यावर मी स्वतः फार दिवस थांबलो आहे : त्रफिमाला मी मिलेतात आजारी असा सोडून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल व फडकी आजाऱ्यांवर नेऊन घातली असता लोक बरे झाले, तोच प्रेषित आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे जातो आणि हे लपवून ठेवत नाही.

जन्मांधाविषयी ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुखण्याचे खापर त्याच्याच माथी फोडले, आणि देवाचा कोप त्या मित्रांवर झाला. जावेजवळ बसून हे उतारे तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावेत. चार जणींदेखत मात्र हा विषय काढू नये, कारण मग तिला आपल्या मताचे नव्हे, आपल्या अब्रूचे रक्षण करावे लागेल. शिवाय गोळ्या सोडण्यामागे तिची एखादी भीती असू शकते : आपण देवाला नापसंत आहोत की काय, ही भीती. त्या भीतीला उत्तर मिळाल्यावाचून नुसत्या संदर्भांच्या यादीने काही साधणार नाही.

प्रश्न : मी आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा सभासद आहे. एकदाच सोपवून दिलेल्या विश्वासासाठी झटावे, हे यहूदाच्या पत्रातले वचन मी माझे पाचारण मानतो. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी चुकीचे शिक्षण टाकले की मी त्याचे नाव घेऊन ते खोडून काढतो. आता दोन कुटुंबे उपासनेला येईनाशी झाली आहेत आणि पाळकसाहेबांनी मला थांबायला सांगितले आहे. हे आध्यात्मिक युद्ध आहे, मग त्यात मवाळपणा कशाला?
— एक बंधू, पुणे

उत्तर : बंधू, हे युद्ध आहे, याविषयी तुमचे-माझे दुमत नाही. ज्या काळात ‘सगळे शेवटी एकच’ असे म्हणून मंडळ्या निवांत बसतात, त्या काळात तुमच्यासारख्या तरुणाला सत्याची तळमळ लागावी, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. प्रश्न आहे तो शत्रू कोण, एवढाच. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात शस्त्रसामग्रीची यादी सुरू होण्याआधीच पौल सांगून टाकतो की, आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही. तुमच्या गटावरचा तो गृहस्थ रक्तमांसाचा आहे.

खोट्या शिक्षणाशी पहिल्या शतकात कोणती मंडळी सर्वांत दीर्घकाळ झुंजली असेल, तर ती इफिसाची, आणि तिची हकीगत शास्त्रात चार ठिकाणी विखुरलेली आहे. प्रेषितांच्या कृत्यांत, मिलेत येथे इफिसाच्या वडिलांचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांचा, निरोप घेताना पौल त्यांना सांगतो की, माझ्यामागे क्रूर लांडगे कळपात शिरतील, आणि तुमच्यातूनच काही जण उठून शिष्यांना ओढून नेतील. तीन वर्षे रात्रंदिवस मी अश्रू गाळत प्रत्येकाला बोध केला, ही आठवण ठेवा, असेही तो म्हणतो. पुढे हे घडलेच. म्हणून तीमथ्याला इफिसात ठेवून, काही जणांना निराळे शिक्षण देऊ नका असे निक्षून सांगण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली गेली, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रातल्या त्याच अध्यायात या आज्ञेचा हेतू शुद्ध अंतःकरणातून निघणारी प्रीती हा आहे, असेही लिहिले गेले. दुसऱ्या पत्रात तर प्रभूच्या दासाने भांडू नये, विरोध करणाऱ्यांना सौम्यतेने शिकवावे, असे आहे. या सौम्यतेचे कारण नीट वाचा : ते लोक सैतानाच्या पाशात सापडलेले आहेत आणि देव त्यांना पश्चात्तापबुद्धी देईल अशी आशा आहे. म्हणजे पौलाच्या लेखी चुकलेला माणूस हा शत्रूने धरून नेलेला कैदी आहे. कैद्याला सोडवून आणण्यासाठी जे धैर्य लागते, ते त्याच्यावर तलवार चालवण्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. पाळकसाहेबांचे सांगणे मला मवाळपणाचे वाटत नाही, ते याच कारणासाठी.

जे शिक्षक जाणूनबुजून व पैशासाठी कळप फाडतात, त्यांच्याविषयी शास्त्राची भाषा कठोर आहे, हे मी विसरलेलो नाही. त्यांना उघडपणे रोखणे हे वडिलांचे काम आहे आणि त्यांनी ते भिडेखातर टाळू नये. पण एखादा व्हिडिओ न पारखता पुढे पाठवणारा शेजारी आणि तो व्हिडिओ करणारा उपदेशक, या दोघांना एकाच पंक्तीला बसवू नका.

इफिसकरांस पत्रातल्या त्या शस्त्रसामग्रीच्या यादीतल्या ढालीकडे जरा जवळून पाहा. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ‘दार’ या शब्दापासून आलेला आहे. ती लहान गोल ढाल नसून दाराच्या फळीसारखी उंच ढाल होती. सैनिक खांद्याला खांदा लावून उभे राहत, तेव्हा अशा ढालींची मिळून भिंत होई, आणि प्रत्येकाच्या ढालीचा काही भाग शेजाऱ्याच्या अंगाआड येई. पौलाच्या आज्ञाही ‘तुम्ही’ असे म्हणून साऱ्या मंडळीला दिलेल्या आहेत आणि ‘उभे राहा, टिकून राहा’ हे तो पुनःपुन्हा म्हणतो. एकट्याने रांग सोडून पुढे धावणाऱ्या शिपायाची आज्ञा मला त्या अध्यायात सापडत नाही.

शंका विचारणाऱ्याला शत्रू समजण्याची चूक किती महाग पडू शकली असती, याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतरच्या काळात त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या, शिक्षणाविषयी त्यांना खऱ्याखुऱ्या अडचणी होत्या आणि त्या त्यांनी पत्रांतून स्पष्ट मांडल्या. निमूटपणे मानून घे, असा आग्रह त्यांच्याकडे धरला गेला. त्याच वेळी चेल्टनमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या प्रश्नांना धीराने, बरोबरीच्या नात्याने उत्तरे दिली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः पुढे काही वर्षांनी भेटला, असे रमाबाईंनी नंतर सांगितले आहे. याच बाईंनी केडगावला बसून मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले. कोणी त्यांना पाखंडी ठरवून दाराबाहेर घातले असते, तर आपण काय गमावले असते, याचा विचार करावा.

दुसऱ्या टोकाचा इतिहासही आपल्याजवळच आहे. ३८५ साली ट्रिअर येथे निराळे शिक्षण देणाऱ्या प्रिस्किलियन याला बिशपांच्या फिर्यादीवरून सम्राटाने ठार मारले, तेव्हा तूरचा बिशप मार्टिन याने, त्याचे शिक्षण न पटूनही, त्याच्या प्राणासाठी रदबदली केली होती. त्याचे ऐकले गेले नाही. विश्वासाच्या रक्षणाच्या नावाने गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारे धर्मन्यायालय, बसले आणि मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. त्याची जखम ख्रिस्ती नावाला अजून चिकटून आहे. आमची शस्त्रे दैहिक नाहीत, असे करिंथकरांस सांगणाऱ्या प्रेषिताचे नाव घेणाऱ्यांनी हे केले, आणि ते आपण मान खाली घालून कबूल केले पाहिजे.

इफिसाची शेवटची हकीगत प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांना या मंडळीने पारखले, ते लबाड असल्याचे ओळखले, आणि प्रभू तिची वाखाणणी करतो. नंतर तोच म्हणतो : तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस. पश्चात्ताप केला नाही तर समई जागेवरून काढली जाईल, हा इशारा खोट्या शिक्षकांना नव्हे, त्यांना हाकलून लावणाऱ्या मंडळीला दिलेला आहे.

म्हणून सुचवतो : गटावर लिहिणे काही आठवडे बंद ठेवा आणि त्या दोन कुटुंबांकडे पाळकसाहेबांना बरोबर घेऊन जा. तुमचे मत बरोबर होते, पण बोलणे चुकले, असे वाटत असेल तर तेवढ्याची क्षमा मागा; मताची मागू नका. पारख करण्याचे शिक्षणही स्वतःला द्यावे लागते. लिऑनचा बिशप इरेनियस याने सुमारे १८० साली खोट्या शिक्षकांची रीत एका दाखल्याने समजावली होती. कुशल कारागिराने रत्ने जडवून राजाची प्रतिमा केली. कोणी ती रत्ने उपटून त्यांचाच कोल्हा जडवला आणि म्हटले, हाच तो राजा. रत्ने खरीच होती. मोबाईलवरच्या उपदेशांतली वचनेही खरीच असतात, म्हणून लोक फसतात. वचन आधी कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिले, त्याच्या मागेपुढे काय आहे, हे पाहण्याची सवय तरुण संघाला लावा. बिरुया गावातल्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे दररोज शास्त्रात पडताळून पाहिले, आणि ती हकीगत लिहिणारा लूक त्यांना त्याबद्दल नावे ठेवत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो.

प्रश्न : आमच्या दारी येणारे काही जण सौम्यपणे बोलतात आणि येशू हा देवाने निर्माण केलेला पहिला प्राणी आहे, असे पुस्तक उघडून दाखवतात. मुले गोंधळतात. मंडळीत म्हटला जाणारा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, त्यांना पाठ करायला लावला, तर उपयोग होईल का? तो फार जुना वाटतो.
— एक माता, सोलापूर

उत्तर : उपयोग होईल. हा प्रश्नही तितकाच जुना आहे. आलेक्सांद्रियाचा वडील आरियस हेच शिकवत होता आणि त्याने आपले मत गीतांत घालून लोकांच्या तोंडी बसवले होते. ३२५ साली निकीया येथे जमलेल्या बिशपांनी उत्तरादाखल जे शब्द ठरवले, तेच तुमची मुले म्हणतात : खऱ्या देवापासून खरा देव, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. या शब्दांसाठी आलेक्सांद्रियाचा बिशप अथनासियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. आलेल्या पाहुण्यांशी नम्रतेने बोला, पाणी द्या, पण मुलांना शिकवण्याचे काम त्यांच्या हाती सोपवू नका.

नुसते पाठांतर करून घेऊ नका. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आठवड्याला एकच वाक्य घ्या. ‘पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले’ या वाक्याशी आलात की, एवढ्या पवित्र गोष्टीत त्या सुभेदाराचे नाव कशाला, असे एखादे मूल विचारील. येशूला खरे शरीर नव्हतेच, तो केवळ आभास होता, असे शिकवणारेही तेव्हा होते. हे दुःख अमुक देशात, अमुक अधिकाऱ्याच्या अमलात, खऱ्या देहाने सोसले, हे ते नाव सांगते. मग योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढा आणि दुसरे वचन त्या मुलालाच वाचू द्या.