थेरी, उपासिका आणि यक्षी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वर्षावासात विहारात महिला मंडळातर्फे किसा गोतमीवर बोलायचे आहे. थेरीगाथेत मोहरीची गोष्ट शोधली, सापडली नाही. ती कुठे आहे? (अकोला)

थेरीगाथेत ती नाहीच. तिथे फक्त थेरींच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणींच्या, गाथा आहेत. त्यांच्यामागच्या कथा अट्ठकथांत, म्हणजे पुढच्या काळातल्या टीकाग्रंथांत येतात. मोहरीची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत ११४व्या गाथेखाली मिळेल.

सांगताना दोन गोष्टी सांभाळा. मेलेले मूल उठवून देईन, असे वचन भगवान बुद्ध किसा गोतमीला तिथे देत नाहीत. औषध ठाऊक आहे म्हणतात आणि चिमूटभर मोहरी आणायला सांगतात. मोहरी घरोघरी असतेच, अडते ती अटीवर : ज्या घरात कधी कुणी मेले नाही, त्याच घरातली हवी. अट घाईत उरकली की गोष्टीत काही उरत नाही. तिला दारोदार फिरू द्या.

दुसरे, पटाचारा या दुसऱ्या थेरीशी होणारी सरमिसळ. नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे ससाण्याने नेले, थोरला नदीत वाहून गेला आणि आई, बाप, भाऊ एकाच चितेवर जळाले, ही अट्ठकथेतली पटाचारेची कथा. पण दोन मुलगे, वाटेत मेलेला नवरा आणि ती एकच चिता सांगणारी गाथा थेरीगाथेत किसा गोतमीच्या नावावर आहे. त्यामुळे जाणकार वक्त्यांचाही इथे गोंधळ होतो. पटाचारेच्या स्वतःच्या पाच गाथांत या दुःखाचा उल्लेखही नाही. पाय धुतलेले पाणी उतारावरून वाहत जाताना ती पाहते, दिवा घेऊन विहारात शिरते, मंचकावर बसते आणि सुईने वात खाली ओढते. दिवा विझतो, त्याच क्षणी चित्त मुक्त होते. आधी गाथा वाचा, मग ‘अट्ठकथा असे सांगते’ म्हणून कथा सांगा. हा क्रम उलटला की थेरीचा स्वतःचा आवाज कथेखाली दबतो, आणि तो आपल्यापर्यंत पोचला आहे हीच तर मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : खीर देणारी सुजाता आणि अनाथपिंडिकाची सून सुजाता एकच का? (सोलापूर)

नाही. खीर देणारी उरुवेला गावची, बुद्धांच्या संबोधीच्या (ज्ञानप्राप्तीच्या) आधीची. दानशूर उपासक अनाथपिंडिकाची सून असलेली सुजाता ही उपासिका विशाखेची धाकटी बहीण. सात प्रकारच्या पत्नींचा उपदेश हिला केलेला आहे.

प्रश्न : अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात मुलाला घेऊन बसलेली स्त्री मायादेवी आहे का? (जळगाव)

ती हारिती. मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या हाताच्या छोट्या गाभाऱ्यात ती पती पांचिकाशेजारी बसली आहे. डावीकडच्या गाभाऱ्यात दोन यक्ष आहेत, त्यामुळे बाजू चुकवू नका. खूण आसनाखालच्या पट्टीत आहे : छडीवाले गुरुजी, शिकणारी मुले आणि मागे मेंढ्यांशी खेळण्यात दंग झालेली पोरे. जन्मप्रसंगातली मायादेवी झाडाची फांदी धरून उभी असते.

हारिती राजगृहातली मुले खाणारी यक्षी. भगवानांनी तिच्या पाचशे मुलांतले धाकटे भिक्षापात्राखाली लपवले, तेव्हा तिला इतर आयांचे दुःख कळले. तिच्या मुलांच्या पोटाची सोय मग विहारांनी पत्करली. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने भारतातल्या विहारांच्या ओसरीत किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात तिची प्रतिमा असते आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवतात, असे नोंदवले आहे.

प्रश्न : विशाखेबद्दल ‘मोठी दानशूर’ यापलीकडे काय सांगता येईल? (नागपूर)

पुष्कळ. विनयातल्या (संघाच्या नियमांच्या ग्रंथातल्या) महावग्गात तिने भगवानांकडे मागितलेले आठ वर आहेत, तेच सांगा. पावसाळ्यात भिक्खूंना वस्त्र, येणाऱ्यांना, जाणाऱ्यांना, आजाऱ्यांना आणि शुश्रूषा करणाऱ्यांना भोजन, आजाऱ्यांना औषध, रोजची पेज, भिक्खुणींना स्नानवस्त्र. हे सगळे तिला जन्मभर द्यायचे होते.

यादी वाचून थांबू नका, कारणे सांगा. विशाखेची नजर तिथे दिसते. भिक्खू पावसात उघडे न्हात होते. तिच्या दासीला ते आजीवक, म्हणजे दुसऱ्या पंथाचे नग्न साधू, वाटले आणि ‘विहारात भिक्खूच नाहीत’ म्हणून ती परतली. नव्याने आलेल्याला गावातल्या वाटा माहीत नसतात. निघालेला भिक्षेत गुंतला तर तांडा पुढे निघून जातो. शुश्रूषा करणारा स्वतःसाठी भिक्षेला गेला तर दुपार टळते (दुपारनंतर भिक्खू जेवत नाहीत) आणि आजाऱ्याचे जेवण बुडते, म्हणून दोघांच्या जेवणाची सोय वेगवेगळी. अचिरवती नदीच्या घाटावर भिक्खुणी उघड्या न्हात असताना गणिकांनी त्यांची चेष्टा केली होती, म्हणून स्नानवस्त्र.

यातून तुला काय मिळणार, असे भगवान विचारतात. एखाद्या भिक्खूच्या निधनाची वार्ता येईल, विशाखा सांगते, तेव्हा मी विचारीन, ‘हे कधी सावत्थीला (श्रावस्तीला) आले होते का?’ ‘आले होते’ म्हणाले, की मला खात्री पटेल : माझे वस्त्र, माझे अन्न, माझे औषध किंवा माझी पेज त्यांनी नक्की घेतली असणार. ते आठवून मला आनंद होईल. उत्तर ऐकून भगवान आठही वर देतात.