सगळ्यांच्या उपचारांचं बिल सरकारनेच भरायचं ठरलं तर प्रायव्हेट दवाखाने बंद होतील का?

नाही, बंद व्हायची गरजच नाही. लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, दवाखाना कोणाचा आणि बिल कोण भरतं. कॅनडात बिल प्रांताचं सरकार भरतं, १९८४ चा कायदाच आहे तसा, पण बरेचसे डॉक्टर स्वतःचीच प्रॅक्टिस चालवतात.

आता मुंबईतल्या लोकांचं मत म्हणाल तर ते त्यांच्या वागण्यातच दिसतं, ताप आला की कोपऱ्यावरचा डॉक्टर कारण तो ऑफिसातून आल्यावर रात्रीपण उघडा असतो, आणि मोठं ऑपरेशन निघालं की तोच माणूस सकाळी सकाळी पालिकेच्या केईएम नाहीतर सायन हॉस्पिटलला केसपेपरच्या लाईनीत उभा. म्हणजे लोकांना दोन्ही हवंय, फक्त पैशाचं टेन्शन नकोय. सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना ॲडमिट झाल्यावर उपयोगी पडते हो, पण बीपी-शुगरच्या गोळ्या, दर थोड्या महिन्यांनी ब्लड टेस्ट, हे सगळं खिशातूनच जातं आणि घरं खरी त्यानेच पिचतात. माझ्या मते सरकारने आधी हा खर्च उचलावा, गल्लीतल्या डॉक्टरला ठरलेल्या रेटने पैसे द्यावेत आणि ते वेळेवर द्यावेत, सहा-सहा महिने बिलं अडकली तर तो योजनेचा पेशंट घेईल कशाला?