जुना ४के टीव्ही अजून चालतोय. ‘८के’ आणि ‘एआय’साठी तो बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ५५ इंची ४के टीव्हीवर ॲप्स रडतखडत चालतात, हल्ली पडद्याचा एक कोपरा काळपट दिसतो, बाकी चित्र उत्तम आहे. आणि दुकानदाराचं म्हणणं असं की आता ८के आणि एआय नसलेला टीव्ही घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. मी टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त करतो, म्हणजे माझं पोट जुन्या वस्तूंवर चालतं, हे आधीच सांगून टाकतो. दुकानदाराचं नव्यावर चालतं, तेवढंही ध्यानात असू द्या.

आधी ८के, म्हणजे ४केपेक्षा आडवे आणि उभे दुप्पट ठिपके. निकोप नजरेला साधारण अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखता येतो. तुमच्या पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर आणि त्यात ३८४० ठिपके, म्हणजे एक ठिपका जेमतेम ०.३२ मिलिमीटरचा. गणित मांडून बघा: १.१ मीटरच्या पलीकडे बसलात की ४केचेच ठिपके एकमेकांत मिसळून जातात. ८केचा ठिपका त्याच्या निम्मा. तो बारकावा हवा असेल तर हात लांबवल्यावर काचेला लागेल इतकं पुढे सरकून बसा. शिवाय त्यावर बघणार काय? जपानच्या एनएचकेने डिसेंबर २०१८ मध्ये ८के वाहिनी सुरू केली खरी, पण आपण रोज बघतो त्यातलं बहुतेक सगळं फुल एचडी नाहीतर ४के असतं.

हा खेळ मी एकदा स्वतः हरलोय. २०१० च्या सुमाराला थ्रीडी टीव्हीची लाट आली तेव्हा मी या धंद्यात असूनही एक घेतला. चष्मे दोन, बघणारे चार. चष्म्याची बॅटरी नेमकी ऐन वेळी संपलेली. आणि तो चष्मा एकेक डोळा आळीपाळीने झाकत असल्यामुळे चित्र अंधारं दिसायचं ते वेगळंच. पुढे सॅमसंगने २०१६ मध्ये आणि एलजी, सोनी यांनी २०१७ मध्ये थ्रीडी सोडून दिलं. माझे चष्मे अजून खणात आहेत. थ्रीडी कुणी मागितलं नव्हतं. डबा टीव्ही टाकून सपाट टीव्ही घेण्याची धांदल ओसरत आली होती, आणि नुकताच घेतलेला सपाट टीव्ही बदलायला लोकांना काहीतरी कारण द्यायला हवं होतं. म्हणून नवं काही आलं की मी आता एवढंच विचारतो: ही अडचण माझी, की विकणाऱ्याची?

एआयचं थोडं वेगळं आहे, ती निव्वळ थाप नाही. कमी ठिपक्यांचं चित्र मोठ्या पडद्यावर पसरवायचं तर मधले ठिपके अंदाजाने भरावे लागतात. हे काम सपाट टीव्ही पहिल्यापासून करत आलेत. आता तो अंदाज बऱ्या पद्धतीने बांधला जातो, इतकंच. १९९० च्या सुमाराला जपानमध्ये वॉशिंग मशीनवर असाच ‘फझी’ हा शब्द झळकायला लागला होता. त्यामागचं, ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या छटाही धरणारं गणित लोत्फी झादे या संशोधकाने १९६५ मध्येच मांडलं होतं. मशीन कपड्यांचा भार आणि मळ बघून पाणी नि वेळ ठरवायचं, आणि ते खरोखर उपयोगाचं होतं. ती सोय टिकली, शब्द मात्र खोक्यावरून गेला. ‘एआय’चंही तसंच होईल असं मला वाटतं.

पण सगळ्यालाच नाक मुरडलं की फसायला होतं, हेही कबूल करतो. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग यांचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र, आलं तेव्हा ‘हा थ्रीडीचा धाकटा भाऊ’ म्हणून मी थट्टा केली होती. मग एक चांगला ओलेड पडदा, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा, दुरुस्तीच्या टेबलावर आला आणि तोंड बंद झालं. साध्या, आठ बिटांच्या चित्रात १.६७ कोटी रंगछटा मावतात, एचडीआरच्या दहा बिटांच्या चित्रात १०७ कोटी. आणि ओलेडवर काळा म्हणजे खरंच काळा, कारण तिथला ठिपका विझलेलाच असतो. हा फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. फक्त खोक्यावरच्या ‘एचडीआर’ या छापावर जाऊ नका. एचडीआर चित्रपट बहुधा १००० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून तयार करतात, आणि स्वस्त पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, २५०-३०० निटवर धापा टाकतं. असा टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो, दाखवू मात्र शकत नाही.

दुकानात टीव्ही बहुतेकदा डेमो मोडमध्ये असतो: रंग भडक, उजेड पूर्ण, आणि पडद्यावर पोपट नाहीतर फुलं. कधी घ्यायचाच झाला तर रात्रीच्या प्रसंगाचा एखादा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन जा, डेमो मोड काढायला लावा आणि घरी बसता तितक्या अंतरावर उभे राहून बघा. माझ्याकडे ‘एआय बिघडलं’ म्हणून अजून कुणी आलेलं नाही. येतात ते बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, गेला म्हणून, नाहीतर पॉवर सप्लायचा कपॅसिटर फुगला म्हणून.

तुमचा काळपट कोपरा मला बॅकलाइटच्या एलईडी पट्टीचाच वाटतो. बदलताना एकच पट्टी बदलू नका, सगळा संच बदलून घ्या, नाहीतर उजेड एकसारखा पडत नाही. आणि दुरुस्तीनंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. या पट्ट्या बहुधा उष्णतेनेच मरतात. ॲप्ससाठी मागच्या एचडीएमआय खाचेत एखादी स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे ॲप्स स्वतः चालवणारी छोटी कांडी, लावा आणि टीव्हीच्या आतलं स्मार्टपण विसरून जा. पॅनेललाच तडा असेल तर मात्र माझ्यासारख्याकडे फेरी मारू नका, पॅनेल बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो.