नववीतला मुलगा टोळक्यात बसायला लागलाय, त्याचे मित्र तोडावेत का?

ताई, मी तोडायला गेलो होतो. काय झालं ते सांगतो.

आम्ही साताऱ्याचे. आठवीत पोराची तुकडी बदलली आणि जुने मित्र सुटले. नवीन वर्गात त्याला क्रिकेटलाही कुणी घेईना. वर्षभर डबा एकट्यानं खात होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मग पुंगळी काढलेल्या गाड्या यवतेश्वरच्या घाटात ट्रिपल सीट पळवणाऱ्या पोरांनी त्याला एकदा मागं बसवलं. झालं.

आमच्या आईचं ठरलेलं, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. म्हण खरी, पण अर्धी. बैलाला धनी बांधतो. पोरगं जिथं वैरण मिळते त्या दावणीला आपल्या पायानं जातं. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्ये शाळकरी मित्रांच्या जोड्यांवरून हेच दाखवलं: मित्र सारखे दिसतात ते एकमेकांमुळे बिघडतात म्हणून, आणि तितकेच सारख्याला सारखा शोधतात म्हणूनही.

मी मात्र सगळा दोष टोळक्यावर टाकून त्याला सुट्टीत शिस्त लावणाऱ्या एका निवासी शिबिरात घातलं. तिथं सगळ्यांच्याच आईबापांनी हाच विचार केलेला. पोरगं परत आलं ते तंबाखूचा मावा खायला शिकून! नंतर वाचनात आलं की मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलांवर असाच एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. निम्म्यांना समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. निम्म्यांना काहीच नाही. तीसेक वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्यांचा माग काढला, तर मदत मिळालेलेच जास्त बिघडलेले निघाले. त्यातही पुन्हापुन्हा शिबिराला गेलेल्यांची गत सर्वांत वाईट. कारण शिबिरात उचापतींच्या फुशारकीवर शेजारचा हसला की पोराला ती शाबासकीच वाटते.

मोबाईल तपासणं, पाळत ठेवणं हेही केलं. काही हाती लागलं नाही. पोरांचं आईबापांना जे कळतं ते बहुतेक पोरांनी आपणहून सांगितलेलं असतं.

शेवटी बायकोनं त्या टोळक्यातल्या पाचही जणांना गौरीच्या जेवणाला बोलावलं. मी धुमसत होतो. पण चौघं साधी, भुकेली पोरं निघाली. एकानं तर पुरणपोळ्या वाढायला घेतल्या. पाचवा मात्र खरंच वाईट होता, त्याच्या खिशात कायम दुसऱ्यांचे पैसे. त्याच्याबाबत मी आजही ठाम आहे: चोरी आणि नशा असेल तिथं वाट बघायची नाही. आमच्या पोराकडून गाडीची किल्लीही काढून घेतली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

मित्र तोडायचं नंतर बघा, ताई. आधी एवढं शोधा, गेल्या वर्षी तुमच्या पोराबरोबर डबा कोण खात होतं?