टाकी बनवा, पण जुलैचा प्रीमियम भरू नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, घरात पत्नी, दोन मुलं, आई-वडील. एक जेसीबी कर्जावर आणि एक जुना पोकलेन बिनकर्जाचा. कुळागरांची (सुपारी-नारळाच्या बागांची) कामं, घरांचे पाये, पंचायतीची गटारं, जे मिळेल ते करतात. दोन्ही मशिनांना मिळून दिवसाला सुमारे १३० लिटर डिझेल लागतं आणि ते रोज सकाळी पिकअपमधून कॅन भरून आणावं लागतं. पंप १२ किलोमीटरवर. त्यांचा प्रश्न असा: पिकअपवर बसेल अशी ५०० लिटरची टाकी पंप-नोझलसकट फॅब्रिकेटरकडून ७० हजारांत करून घ्यावी, की दीड लाखाची तयार टाकी घ्यावी? वर्षाला अडीच लाख वाचतील असा त्यांचा हिशेब आहे. पैसे ते विमा पॉलिसीवर कर्ज काढून उभे करणार आहेत, कारण ‘पॉलिसीत पैसे पडूनच आहेत’.

आधी विचारलेल्याचं उत्तर. टाकी करून घ्या, पण ५०० लिटरची नको. तीनशेची पुरे.

अडीच लाखांची बचत मात्र विसरा. त्यातला मोठा भाग तुम्ही शेजारच्या दोन मशीनवाल्यांना लिटरमागे तीन रुपये चढवून डिझेल विकण्यावर धरला आहे. हे करूच नका. अधिकृत डीलर नसताना डिझेल विकणं पेट्रोल-डिझेलच्या २००५ च्या नियंत्रण आदेशाखाली आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे. तीन रुपयांसाठी पिकअप जप्त होईल. स्वतःच्या वापरापुरतं बोलायचं तर पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकेक टाकी हजार लिटरच्या आत असेल तर वाहतुकीला किंवा साठवणीला परवाना लागत नाही. ही सवलत वाहतूक-साठवणीपुरती आहे, विक्रीसाठी नाही.

दुसरा भाग म्हणजे पंपवाला देईल ती दोन रुपयांची सूट. डीलरचं स्वतःचं कमिशनच लिटरमागे दोन-अडीच रुपयांच्या आसपास असतं. तुम्ही महिनाभर उधारीवर भरता आणि वर सूट मागता. तो ती कुठून देणार?

खरी बचत अशी. आठवड्याला सहाऐवजी तीन फेऱ्या, फेरीमागे २०० रुपये, म्हणजे ६०० रुपये. डिझेल संपून मशीन उभं राहण्यातला आठवड्याचा एक तास वाचला, तर भाड्याच्या १,२०० रुपयांतून डिझेल वजा जाता ७०० उरतात. कॅनमधून ओतताना सांडणारं दोन-तीन लिटर, नव्वदच्या भावाने अडीचशे. झाले साधारण दीड हजार. पावसाचे महिने सोडून कामाचे ३४ आठवडे धरले तर वर्षाला ५० हजार. सत्तर हजारांची टाकी दीड वर्षाच्या आत पैसे फेडते. चांगला सौदा आहे हा, फक्त अडीच लाखांचा नाही.

तीनशे लिटर का, तर रोजच्या १३० लिटरला ती दोन दिवस पुरते. पाचशे लिटर भरून ठेवलं की ४५ हजार रुपये टाकीत अडकले, तेही उधारीचे. शिवाय पाचशे लिटरचं वजनच सव्वाचारशे किलोच्या आसपास, टाकीचं वेगळं, आणि ते घेऊन घाटाची वळणं. तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी पूर्ण जोमाने सुरू झाल्या की तिसरं मशीन घेणार, म्हणून टाकी मोठी हवी. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोली-सत्तरीत किती ट्रक हप्त्यांसकट अंगणात उभे राहिले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. २०२२ च्या अखेरीपासून लिलाव सुरू झाले, हे खरं. तरी टाकी आज दारात असलेल्या मशिनांच्या मापाची करा.

फॅब्रिकेटरला चार गोष्टी ठाम सांगा. पत्रा साधा एमएसचा (साध्या पोलादाचा), जीआयचा (जस्ताचा थर दिलेला) नको. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन साबणासारखा गाळ बनतो आणि फिल्टर तुंबतो. आत आडवे पत्रे हवेत, म्हणजे वळणावर डिझेल एका बाजूला लोटणार नाही. वर हवा जायची नळी, तळाला पाणी काढायचा कॉक. आणि पंपानंतर पाणी वेगळं करणारा फिल्टर लावाच. आपल्याकडच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी धरतं आणि तुमच्या नव्या जेसीबीचे इंजेक्टर ते सहन करत नाहीत. जुनं बॅरल कापून टाकी करतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. आत इंधनाची वाफ राहिलेल्या बॅरलला वेल्डिंग लावताना माणसं मेली आहेत. बारा व्होल्टच्या पंपाला मीटर जोडून घ्या, कारण कोणत्या मशिनात किती गेलं हे रोज वहीत लिहिलं की डिझेलच्या तक्रारी कुणावर संशय न घेता मिटतात. तयार टाकीला दीड लाख देण्याइतकं तिच्यात जास्त काही नाही.

टाकीचं झालं. आता पत्राच्या तिसऱ्या पानावर एका ओळीत आलेल्या गोष्टीकडे येतो, कारण तुमचं खरं नुकसान तिथे चाललंय.

तीन वर्षांपूर्वी जेसीबीचं कर्ज मंजूर होताना बँकेतल्या माणसाने सांगितलं, पॉलिसी घेतली तर फाईल लवकर सरकेल. वर्षाला दोन लाख, १२ वर्षं भरायचे. विसाव्या वर्षी ४८ लाख ‘गॅरंटीड’. तीन हप्ते भरून झाले, चौथा जुलैत. जुलैत तुमची मशिनं चिखलात उभी असतात, जेसीबीचा हप्ता मात्र चालूच असतो. मग तो प्रीमियम कुठून भरलात? तुम्हीच लिहिलंय: ओव्हरड्राफ्टमधून, म्हणजे खात्यात शिल्लक नसताना बँकेकडून घेतलेल्या उचलीतून. ओव्हरड्राफ्ट आज सहा लाखांवर आहे आणि ‘तो कमीच होत नाही, डिझेलमुळे असेल’ असं तुम्हाला वाटतंय. तीन वर्षं, दरसाल दोन लाख. डिझेलचा इथे काही संबंध नाही. तुमचा ओव्हरड्राफ्ट म्हणजे तीन प्रीमियम आहेत.

आता व्याज बघू. १२ वर्षांत २४ लाख भरायचे आणि ४८ लाख मिळायचे, म्हणजे पैसे दुप्पट. पण सगळा पैसा वीस वर्षं गुंतत नाही. पहिला हप्ता २० वर्षं, शेवटचा नऊ, सरासरी साडेचौदा. पैसे किती वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्याने ७२ ला भागलं की ढोबळ व्याजदर मिळतो. इथे ७२ ला साडेचौदाने भागा: पाच टक्के. पाच टक्के मिळवायला तुम्ही ओव्हरड्राफ्टवर १३ टक्क्यांनी उधार घेताय. त्यावर आता आणखी पॉलिसीवरचं कर्ज काढायचं म्हणता, तेही नऊ-दहा टक्क्यांनी. आपल्याच अडकलेल्या पैशांवर आपणच व्याज भरायचं, याला मी मदत करणार नाही.

ही पॉलिसी ‘मुलीच्या मेडिकलसाठी’ आहे असं तुम्ही लिहिता. मुलगी आज नऊ वर्षांची. पॉलिसीचे पैसे आजपासून १७ वर्षांनी येणार, तेव्हा ती २६ ची असेल. प्रवेश अठराव्या वर्षी घ्यायचा असतो. ज्याने ही पॉलिसी विकली त्याने तुम्हाला मुलीचं वय विचारलं होतं का? मला याचा मनापासून राग येतो. फोल्डरमध्ये मुलीचा फोटो दाखवायचा आणि पैसे तिला नोकरी लागल्यावर द्यायचे.

संरक्षण म्हणावं तर तेही नाही. तुम्हाला काही झालं तर पॉलिसी २० लाख देईल. जेसीबीचे १७ आणि ओव्हरड्राफ्टचे सहा मिळून देणं २३ लाख. म्हणजे तुमच्या पत्नीच्या हातात रक्कम यायच्या आधीच तीन लाख कमी पडतात, आणि आई-वडील, मुलं, घर हे सगळं त्यानंतर.

तेव्हा आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा. एक कोटीचा, वयाच्या साठीपर्यंत. तुमच्या वयाला वर्षाचा प्रीमियम वीस-पंचवीस हजारांच्या घरात बसेल आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. अर्जात तंबाखू, जुनी दुखणी, सगळं खरं लिहा. दोन हजार वाचवायला लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी घरच्यांना भोवते. वैद्यकीय तपासणी होऊन नवी पॉलिसी हातात आली, की मगच जुनीला हात लावायचा. हा क्रम उलटा करू नका. तपासणीला वेळ लागला आणि जुलैची तारीख उलटली तर हप्त्याला सवलतीचे दिवस असतात, तेवढ्यात हे काम उरका.

जुलैचा प्रीमियम भरायचा नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जुन्या पॉलिसीचं पुढे काय, याला दोन वाटा. कंपनीने आता सोडली तर अडीच लाख सांगितलेत. पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली, तर बारापैकी तीन हप्ते भरलेत म्हणून ढोबळमानाने ४८ चा चौथा हिस्सा, १२ लाख, १७ वर्षांनी. अडीचचे बारा म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, वाईट नाही. डोक्यावर कर्ज नसतं तर मी पेड-अपच सांगितलं असतं. पण तुमच्यापुढे १३ टक्क्यांचं कर्ज आहे, म्हणून सोडा आणि ती रक्कम थेट ओव्हरड्राफ्टमध्ये टाका. मात्र दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या. पेड-अपचा आकडा याहून बराच मोठा निघाला तर मला कळवा, निर्णय बदलू शकतो.

सहा लाख भरून अडीच परत, हे झोंबणार. पण उरलेले नऊ हप्ते भरल्याने ते साडेतीन लाख परत येत नाहीत. अडीच लाखांनी कर्ज कमी झालं, नवे दोन लाख चढले नाहीत; साडेचार लाखांवर १३ टक्के, म्हणजे वर्षाला ५८ हजार व्याज वाचलं. टाकीच्या बचतीहून थोडं जास्तच, आणि यासाठी काही बांधावंही लागत नाही.

कर्जाशी जोडून पॉलिसी गळ्यात मारणं नियमात बसत नाही. विमा कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा, उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. गोव्याचा कारभार पुण्याच्या कार्यालयाकडे आहे, वकील लागत नाही, फीही नाही. बँकेतल्या त्या माणसाचा एखादा मेसेज मोबाईलमध्ये असेल तर जपून ठेवा. फक्त तक्रारीच्या निकालाची वाट बघत प्रीमियम भरत बसू नका.

टाकीचं काम गणेश चवथीनंतर द्या. तोपर्यंत मशिनं फारशी चालत नाहीत, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची बिलं आली की ७० हजार रोखीने निघतील, कुठलंही कर्ज न काढता. पुढच्या पावसाआधी जेसीबीचे तीन हप्ते, म्हणजे पावणेदोन-दोन लाख, बाजूला पडले पाहिजेत. ओव्हरड्राफ्ट पुन्हा चढू नये म्हणून तेवढं लागेलच.

मुलीसाठी एक गोष्ट मात्र थांबवू नका. सुकन्या समृद्धी खातं मुलीला दहा पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं, आणि तिचा दहावा वाढदिवस नोव्हेंबरात आहे. वाळपईच्या पोस्टात जाऊन २५० रुपये भरून खातं उघडून ठेवा. सध्या ८.२ टक्के व्याज आहे, करमुक्त, आणि अठरा झाल्यावर शिक्षणासाठी निम्मे पैसे काढता येतात. मोठी रक्कम आत्ता नको; ओव्हरड्राफ्ट संपेपर्यंत वर्षाला तेवढे अडीचशेच भरा. तिचा जन्मदाखला आणि तुमचं आधार-पॅन घेऊन याच आठवड्यात जाऊन या.