तुमचे प्रश्न : पगारातले 200 रुपये, लाडकी बहीण आणि होस्टेलचा निधी

या महिन्यात बजेट आणि गरिबांच्या योजनांवर बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतेय. पत्रांमधला राग तसाच ठेवलाय, कारण तो खरा आहे.

ताई, मी प्रायव्हेट कंपनीत आहे. दर महिन्याला पगारातून 200 रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात, इन्कम टॅक्स वेगळाच. हा सगळा पैसा फुकट वाटायला जातो आणि आमच्या वाट्याला खड्डे. टॅक्स आम्ही भरायचा आणि मतं त्यांनी मिळवायची, हे किती दिवस चालणार?
— एक वाचक, ठाणे

दादा, इन्कम टॅक्स केंद्राकडे जातो, त्यातला वाटा नंतर राज्यांना मिळतो, तो विषय आज बाजूला ठेवू. पण प्रोफेशन टॅक्सचं तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण या 200 रुपयांना एक इतिहास आहे आणि महाराष्ट्राने तो विसरायला नको होता.

1972 च्या दुष्काळात खेड्यातल्या माणसांच्या हाताला काम नव्हतं, तेव्हा रोजगार हमी योजना राज्यभर आली, कल्पना वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा हा माणूस तेव्हा विधान परिषदेचा सभापती होता. आता प्रश्न आला पैशाचा. तर 1975 मध्ये राज्याने शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर हा प्रोफेशन टॅक्स लावला आणि सरळ सांगितलं की हा रोजगार हमीसाठी आहे, सोबत आणखी काही कर आणि उपकर होते, आणि जेवढे त्यातून जमतील तेवढेच सरकारने आपल्याकडून टाकायचे असं ठरलं. 1977 मध्ये त्याचा कायदाही झाला. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारातून बीड-सोलापूरच्या माणसाला बंडिंगचं, पाझर तलावाचं काम, आणि तेही भीक म्हणून नाही तर हक्काची मजुरी म्हणून. पुढे 2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला त्याच्यामागे हा अनुभव होता. तुमच्या नावावर दुकान किंवा ऑफिस असेल तर महापालिकेचं टॅक्सचं बिल काढून बघा, त्यात रोजगार हमी उपकराची ओळ आजही सापडेल, आणि शिक्षण उपकराची पण.

मला हेच म्हणायचंय, योजना जाहीर करतानाच तिचे पैसे कोण देणार हे त्या काळी लोकांना तोंडावर सांगितलं होतं. राग आलाच असेल लोकांना, पण लपवाछपवी नव्हती.

आणि एक अन्याय याच टॅक्समध्ये आहे, तोही सांगते. राज्यघटनेच्या 276 व्या कलमात या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा आहे, ती 1988 पासून हललेली नाही. म्हणून महिन्याला 25 हजार मिळवणारा क्लार्क पण वर्षाला 2500 भरतो (महिन्याला 200, फेब्रुवारीत 300) आणि महिन्याला 5 लाख घेणारा डायरेक्टर पण 2500 च भरतो. ही मर्यादा वाढवून मोठ्या पगाराला मोठा कर लावला तर राज्याला हक्काचा पैसा मिळेल, पण त्यासाठी घटनादुरुस्ती लागते आणि ती संसदेच्या हातात. तुमचा राग इकडे वळवा असं मी म्हणेन, लाडक्या बहिणीकडे नको.

राहिलं "टॅक्स आम्ही भरतो" हे. गरीब बाई 200 चा मोबाईल रिचार्ज मारते त्यात 30 रुपये जीएसटी असतो, अर्धा राज्याला, अर्धा केंद्राला. ती ज्या वडापच्या जीपमधून जाते तिच्या डिझेलवर राज्याचा व्हॅट असतो. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे हेच मांडलं होतं की सरकारचा महसूल येतो कष्टकऱ्यांच्या श्रमातून आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांवर.

मला लाडकी बहीणचे 1500 मिळतात, त्याचा खरंच आधार आहे, गॅस आणि औषधं त्यातच भागतात. पण मुलगा पुण्यात शिकतोय, त्याला होस्टेल मिळालं नाही म्हणून अनुसूचित जातीच्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेचा फॉर्म भरला, त्याचे पैसे वेळेवर येत नाहीत. एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात का?
— एक वाचक भगिनी, लातूर जिल्हा

ताई, तुम्ही एका ओळीत जे विचारलंत ते विधानसभेत तासभर बोलूनही कोणी इतकं नीट विचारत नाही.

आकडे घेऊ, सोपे आहेत. 1500 गुणिले 2024 मधल्या साधारण 2 कोटी 40 लाख बायका म्हणजे महिन्याला 3600 कोटी, वर्षाला 43 हजार कोटींच्या वर. जून 2024 मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला 46 हजार कोटी लागतील असं सांगितलं होतं. 2025-26 च्या बजेटमध्ये तरतूद झाली 36 हजार कोटींची. 36 हजार कोटी भागिले 12, भागिले 1500, उत्तर येतं 2 कोटी बायका. म्हणजे तरतूद करतानाच काही नावं गळणार हे त्या आकड्यातच होतं, मग ई-केवायसी आली, पडताळणी आली. सरकारी नोकरीतल्या बायका आणि चक्क पुरुषसुद्धा यादीत सापडले, ते काढायलाच हवेत, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पहिल्या दिवशी करायचं काम निवडणूक झाल्यावर केलं, आणि त्रास झाला तो ओटीपी येत नाही म्हणून सेतू केंद्राबाहेर ताटकळलेल्या खऱ्या गरजू बायकांना.

आता तुमच्या मुलाचं. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज यातच जातो, त्याला हात लावता येत नाही. मग नवी मोठी योजना आली आणि तिच्यासाठी नवीन उत्पन्न नसलं की कात्री कुठे लागते? ज्यांचा आवाज लहान तिथे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्वाधार, आश्रमशाळा. हे रद्द होत नाही, नुसतं उशिरा येतं, आणि उशिराची बातमी होत नाही. मुलगा मात्र रूमचं भाडं थकलं म्हणून मेसचा डबा एक वेळचा करतो.

2025 च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी आणि आदिवासी विभागाचे सुमारे 335 कोटी लाडकी बहीणकडे वळवले, तेव्हा सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली होती. सरकारची बाजू मांडणारे सांगतात की दलित-आदिवासी समाजातल्या बायकांनाच तर पैसे मिळतात. मला हे पटत नाही. त्या बाईला 1500 मिळतात ते महाराष्ट्रातली गरीब बाई म्हणून, बाकीच्यांसारखेच, मग तिच्या मुलाच्या होस्टेलच्या हक्काच्या पैशातून का? कर्नाटकने 2013 मध्ये अनुसूचित जाती-जमातींचा निधी राखायचा कायदाच केला, तरी तिथेही निवडणुकीत कबूल केलेल्या गॅरंटी योजनांसाठी तो वापरला म्हणून वाद झालाच. पण कायदा असला की निदान जाब तरी विचारता येतो. महाराष्ट्रातही तो व्हावा ही मागणी जुनी आहे आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.

तुम्ही एक करा, मुलाला वित्त विभागाची बीम्स ही साइट बघायला सांगा, कुठल्या विभागाला किती तरतूद, किती निधी वितरित झाला, किती खर्च झाला हे तिथे सगळ्यांना दिसतं. तो कागद घेऊन समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे चार-पाच मुलांनी मिळून अर्ज द्यावा, एकट्याने नको, आणि अर्जाची पोच घ्यावी.

राज्यावर 9 लाख कोटींच्या वर कर्ज आहे म्हणतात, मग राज्य बुडणार का? नोटा छापता येत नाहीत का?
— एक विद्यार्थी, कणकवली

नोटा राज्याला छापता येत नाहीत. आणि इतक्यात बुडत पण नाही, कारण महाराष्ट्राची अर्थव्यवस्था मोठी आहे, राजकोषीय तूट, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी कर्जाने भागवावी लागणारी रक्कम, 2025-26 च्या अंदाजात राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपीच्या) 3 टक्क्यांच्या आत आहे, सरकार हे सांगतं आणि ते खरं आहे. पण तू दुसरा आकडा बघ, महसुली तूट, 2025-26 च्या अंदाजात 45 हजार 891 कोटी. म्हणजे रोजचा खर्चच रोजच्या कमाईपेक्षा जास्त आहे. कर्ज काढून घर बांधलं तर घर राहतं, कर्ज काढून किराणा भरला तर फक्त हप्ता राहतो. त्यात शिक्षकाचा पगार हा हिशेबात महसुली खर्च धरतात आणि पूल भांडवली, हे मला कायम खटकतं, कारण चांगला शिक्षक पुलापेक्षा जास्त वर्षं उपयोगी पडतो. म्हणून नुसती तूट बघू नकोस, ती कशासाठी झाली ते बघ.

आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत 11 मुलं आहेत. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून पैसे वाचवणार असं ऐकतो. खरंच वाचतात का?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

सर, 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, प्रस्ताव आला तेव्हा कारण गुणवत्तेचं दिलं होतं, बचतीचं नाही. पण बचत म्हणून बघितलं तरी हिशेब जमत नाही. शाळेचा मोठा खर्च शिक्षकाचा पगार, आणि शाळा बंद झाली तर शिक्षक दुसरीकडे जातो, पगार चालूच राहतो. वर मुलांना न्यायला गाडी लावायची. ती गाडी पावसाळ्यात घाटातल्या वाडीपर्यंत येत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि गाडी आली नाही की पहिली घरी बसते ती मुलगी, धाकट्याला सांभाळायला. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक 3 किलोमीटरच्या आत हवी असं आहे, ते उगाच नाही.

दोन-चार मुलंच उरली असतील, शेजारची शाळा चालत जाण्याइतकी जवळ असेल आणि पालक तयार असतील तर एकत्र करा, तिथे हट्ट नको. पण 11 मुलं म्हणजे तुमच्या वाडीची सगळी मुलं असतील. शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव आत्ताच करून ठेवा, ठरावात प्रत्येक मुलाच्या घरापासून पुढच्या शाळेचं चालायचं अंतर लिहा, गुगल मॅपवरचं सरळ रेषेतलं नको, पायवाटेचं, आणि मध्ये ओढा असेल तर ओढा लिहा.