माईक बंद करायचा की नाही?

प्रश्न: आमच्या सोसायटीत मनपा निवडणुकीच्या वेळी उमेदवारांना समोरासमोर बोलावलं होतं. प्रत्येकी दोन मिनिटं ठरली होती, पण एक जण दुसऱ्याला बोलूच देईना, सूत्रसंचालक काका नुसते "प्लीज, प्लीज" करत राहिले आणि पाण्याचा प्रश्न राहिला बाजूलाच. पुढच्या वेळी काय करावं?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: माईक सरळ बंद करा, त्यात कसला अपमान! 29 सप्टेंबर 2020 ला अमेरिकेत क्लीव्हलँडला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची ट्रम्प-बायडन डिबेट झाली, ट्रम्प सारखे मध्ये बोलत होते, बायडन वैतागून 'गप बसा' म्हणून गेले आणि सूत्रसंचालन करणारा ख्रिस वॉलेससारखा मुरलेला पत्रकार हतबल झाला, मग तुमचे काका काय करणार बिचारे. नियम दोन्ही बाजूंनी मान्य केलेले होते, पण मोडले तर पुढे काय हेच ठरलेलं नव्हतं. म्हणून 22 ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये आयोजकांनी प्रत्येक विषयाच्या सुरुवातीच्या दोन-दोन मिनिटांत समोरच्याचा माईक बंद ठेवला आणि बराच फरक पडला, लोकांना निदान उत्तरं तरी ऐकू आली. तुमच्याकडे साऊंडवाल्याशेजारी घड्याळ घेऊन एक माणूस बसवा, तो कुठल्याच पक्षाचा नको हे मात्र बघा, आणि वेळ संपली की माईक बंद हे सगळ्या उमेदवारांना आधीच लेखी कळवा. कार्यकर्त्यांच्या घोषणांनाही तोच नियम लावा, खरं तर अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आणि पाण्याचा प्रश्न पहिला घ्या, शेवटी ठेवला की राहतोच.